दोन बोटांचा फरक

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवा आणि घासा. आणखी जोरात. झाले ना गरम? आता समजा, तळहातांच्या जागी ताटाएवढ्या पोलादी चकत्या आहेत. त्या दिवसभर एकमेकींना धरताहेत, सोडताहेत, घासताहेत, आणि त्यांच्यामागे दोनशे घोड्यांचं बळ आहे. त्या जळून का जात नाहीत? कारण त्यांच्यावर सतत तेल खेळत असतं. तेल त्यांची आग अंगावर घेतं, बाहेरच्या जाळीत जाऊन वाऱ्यावर निवतं आणि पुन्हा आत येतं. बुलडोझरच्या पोटात हेच चाललेलं असतं. इंजिनाचं बळ खालच्या साखळ्यांपर्यंत पोचवणाऱ्या त्या भागाला ट्रान्समिशन म्हणतात. त्यातलं तेल फार तापलं, की चालकासमोरच्या घड्याळातला काटा हिरव्या पट्टीतून लाल पट्टीत जातो.

आता त्या काट्याकडे टक लावून बसलेली एक अकरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला घरात आणि कामावर सगळे ठिणगी म्हणत, कारण ती जिथे पडेल तिथे प्रश्न पेटत. शाळेला सुट्टी होती, आईची दवाखान्यात दिवसपाळी होती, म्हणून ठिणगी रोज बाबांबरोबर कामावर येई. बाबा बुलडोझर चालवत. बाबांची मोठी बहीण, म्हणजे ठिणगीची आत्या, त्याच कामावर मेकॅनिक होती. टेकडी कापून रस्ता काढायचं काम होतं. टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, शेडपुढे सपाट अंगण, आणि अंगणात दोन यंत्रं: मोठा बुलडोझर आणि त्याने ढकललेली माती ट्रकमध्ये भरणारा लोडर.

सोमवारी दुपारी काटा पुन्हा लाल पट्टीत गेला. बाबांनी इंजिन मंद केलं आणि कपाळ पुसलं. लागलीच खालून किल्ल्यांचा आवाज आला.

तो आवाज मुकादमाचा. त्याच्या कमरेला एवढ्या किल्ल्या होत्या की मुकादम दिसण्याआधी ऐकू येई. महिन्यापूर्वी कोठीतून तेलाचा एक डबा नाहीसा झाला होता. तेव्हापासून त्याचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. कोठीला दोन कुलपं, हत्यारांच्या पेटीला एक, पंक्चरच्या सामानाला एक. लोडरवाला म्हणायचा, "आता फक्त पिण्याच्या माठाला कुलूप लावायचं राहिलंय. तेही लागेल, कुणी दोन पेले जास्त प्यायला की."

"परत?" मुकादमाने खालून विचारलं.

"परत," बाबा म्हणाले.

"दोन आठवडे झाले हे. पहिली बारा वर्षं तापत नव्हता, आताच कसा तापायला लागला? यंत्र तेच, टेकडी तीच. बदललंय कोण?"

"चौदा वर्षं," बाबा म्हणाले. "बारा नाही. चौदा वर्षं मी या खुर्चीत आहे."

"तेच म्हणतोय मी. खुर्चीची सवय झाली की माणूस यंत्राला बैल समजायला लागतो." मुकादमाने किल्ल्या सारख्या केल्या. "शुक्रवारी चढाचा तुकडा संपवायचाय. त्या दिवशी काटा लाल झाला, तर शनिवारी या खुर्चीत दुसरा बसेल."

दुसरा कोण, हे त्याने सांगितलं नाही. पण अंगणाच्या पलीकडे लोडरवाला चाकाला टेकून बसला होता आणि दात कोरत इकडेच बघत होता. बाबांनी त्याला पाहिलं. ठिणगीने बाबांना त्याला पाहताना पाहिलं.

मंगळवारी आत्याने तपासणीला हात घातला. ठिणगी तिच्या मागेमागे.

"आधी काय बघायचं?" ठिणगीने विचारलं.

"आधी हे, की खरंच ताप आहे का. डॉक्टर आधी थर्मामीटर झटकतो ना? घड्याळच बिघडलं असेल तर उगाच पोट फाडायचं." आत्याने ताप मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र तेलाच्या नळीवर रोखलं. आकडा काट्याशी जुळला. काटा खरं बोलत होता.

मग तेल निववणारी जाळी. तिच्या फटींत धूळ बसली की वारा आत जात नाही. आत्याने दाबाच्या हवेने ती साफ केली. धूळ निघाली, पण फारशी नाही. मग फिल्टर. तो कापून तिने त्यातला कागद उन्हात पसरला. आत चकत्या झिजत असतील तर कागदावर धातूची चमक दिसते. कागद तेलकट होता, पण चमक नव्हती.

"आतलं सगळं ठीक आहे," आत्या म्हणाली आणि कागदाची घडी घातली. "म्हणजे बाहेरचं बिघडलंय."

"बाहेरचं म्हणजे?"

आत्याने घडी खिशात टाकली. तिने मान वळवून खुर्चीत बसलेल्या भावाकडे पाहिलं.

पुढचं माती ढकलणारं पातं रुतलंय, साखळ्या हलत नाहीत आणि तरी चालक इंजिन ओरडवतोय, असं झालं की सगळं बळ तेलाला घुसळण्यात जातं आणि त्याचा ताप होतो. आत्याला वाटत होतं, बाबा तेच करतात. बाबांना वाटत होतं, आत्याने यंत्र उघडताना काहीतरी चुकीचं जोडलं असणार आणि आता ती कबूल करत नाही. दोघंही हे एकमेकांना बोलत नव्हते. ते ठिणगीला बोलत.

"तुझ्या आत्याला विचार," बाबा रात्री घरी जेवताना म्हणाले, "मागच्या महिन्यात कुठले कुठले नट उघडले होते."

आत्या समोरच बसली होती. "तुझ्या बाबांना सांग, नट मोजायला मला येतं. चढावर दुसऱ्या गिअरात जायची घाई कुणाला असते, तेही येतं."

"तिला सांग—"

"मी जेवतेय," ठिणगी म्हणाली.

आई हसली. बाकी कुणी हसलं नाही.

बुधवारी दुपारी लोडरच तापला.

लोडरवाला हातातली टोपी आपटत शेडमध्ये आला. त्याच्या तोंडाला एरवी खळ नसायचा, आज शब्द सापडत नव्हते. "माझापण! माझापण लाल!"

आता मात्र सगळ्यांची खात्री पटली. एक यंत्र तापलं तर बिघाड म्हणता येतो. दोन यंत्रं तापली, म्हणजे कुणाचा तरी हात आहे. मुकादमाने अंगणातल्या प्रत्येकाला नजरेने असं चाचपलं की ठिणगीनेही उगाच आपले खिसे तपासले. बाबांना वाटलं, लोडरवाल्याने स्वतःवरचा संशय टाळायला हे केलं. लोडरवाल्याला वाटलं, बाबांनी सूड घेतला. मुकादमाला वाटलं, दोघं मिळालेले आहेत.

"म्हणून मी काठ्या काढून नेतो," मुकादम म्हणाला. "म्हणून!"

काठ्या म्हणजे काय, ते सांगतो. ट्रान्समिशनमध्ये तेल किती आहे ते बघायला एक लांब पट्टी असते, डिपस्टिक. शेडमध्ये सगळे तिला काठी म्हणत. ती एका नळीतून थेट तेलात उतरलेली असते. बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, काढायची. खुणेपर्यंत ओली असली की तेल बरोबर. डबा नाहीसा झाला तेव्हापासून मुकादमाने नियम केला होता: संध्याकाळी दोन्ही यंत्रांच्या काठ्या उपसायच्या, नळ्यांना लाकडी बूच मारायचं. काठ्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या टेबलाच्या खणात, कुलपात. नळीतून कुणी वाळू टाकली तर? तेल ओढून नेलं तर? सकाळी तो स्वतः एकेक काठी आणून आत्याच्या हातात देई, ती तेल बघे, आणि तो पापणी न हलवता तिच्याकडे बघे. एक काठी नळीत परत गेल्याशिवाय दुसरी कागदातून निघत नसे. बाबांनी आणि लोडरवाल्याने तर काठीला हातही लावायचा नाही, असा हुकूमच होता.

गुरुवारी आत्याने बुलडोझर सपाट जागी उभा केला, इंजिन मंद चालू ठेवलं, तेल कोमट होऊ दिलं आणि मुकादमासमोर काठी काढली. ठिणगीने मान पुढे केली.

"आत्या, तेलाला फेस आलाय. साबणाच्या पाण्यासारखा."

"दिसतंय मला."

"फेस कशाने येतो?"

आत्या वैतागली होती, पण शिकवायचं म्हटलं की तिचा वैताग उतरे. "दोन कारणांनी. तेल कमी असलं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तू सरबताच्या तळाला नळीने सुर्र करतेस ना, तसं. आणि तेल जास्त झालं की गिअर त्यात डुंबतात आणि फेटत सुटतात. गिअरांनी तेलात पाय भिजवायचे असतात, पोहायचं नसतं. दोन्हीकडून फेस, दोन्हीकडून ताप."

"मग यात कमी आहे की जास्त?"

"ना कमी, ना जास्त. बघ, बरोबर खुणेवर." आत्याने काठी तिच्यापुढे धरली. "माणूस खोटं बोलेल, घड्याळ खोटं बोलेल. काठी नाही बोलत."

मुकादमाने हात पुढे केला. "झालं? घाला परत."

त्या दुपारी ठिणगी शेडच्या दाराशी बसून होती. दाराच्या आतल्या बाजूला आत्या खडूने नोंदी करी: कुठल्या दिवशी कुठल्या यंत्राला काय केलं. ठिणगीने सगळ्या वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारपाशी तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं: बुलडोझर, तेल कमी, आठ लिटर घातलं. आणि लगेच खाली: लोडर, तेल जास्त, पाच लिटर काढलं.

"आत्या, हे एकाच दिवशी?"

आत्याने आवाज खाली आणला. "एकाच सकाळी. मी तेव्हाच ओळखलं होतं. याच्यातलं तेल ओढून त्याच्यात ओतलं कुणीतरी." तिने लोडरच्या दिशेने भुवई उडवली. "बोलले नाही. पुरावा नव्हता."

"पण नळीला बूच होतं. आणि काठ्या मुकादमकाकांच्या खणात."

"चोराला बूच काढता येत नाही होय?"

"लोडरवाल्या काकांना स्वतःच्याच लोडरमध्ये जास्त तेल कशाला हवं? त्याने तर त्यांचाच लोडर तापणार."

आत्याने उडवलेली भुवई खाली आणली.

ठिणगी बोटांवर मोजू लागली. "घड्याळ खरं का ते तू पिस्तुलाने तपासलंस. जाळी तपासलीस. फिल्टर तपासलास. बाबांनापण तपासलंस, बुलडोझरच्या बाजूने चालत. लोडरवाल्या काकांना मुकादमकाका तपासतात. मग काठीला कुणी तपासलं?"

"काठीला काय तपासायचं? लोखंडाची पट्टी ती."

"काठी खोटं बोलत नाही, बरोबर. पण ती दुसऱ्याच्याच घरात बोलत असली तर?"

आत्याने दारावरच्या त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग नेहमीसारखं "चल, काहीतरीच" असं ती म्हणाली नाही. तेव्हाच ठिणगीला कळलं की आपण नेमक्या जागी पडलो आहोत.

शुक्रवार उजाडला. बाबा सकाळी चहा अर्धाच टाकून उठले. वाटेत त्यांनी ठिणगीचा हात एरवीपेक्षा घट्ट धरला होता. अंगणात आल्यावर ते बुलडोझरवर चढले नाहीत, नुसते त्याच्या साखळीवर हात ठेवून उभे राहिले. निरोप घ्यावा तसे.

किल्ल्या वाजल्या. मुकादम कागदातली पहिली काठी घेऊन आला. आत्याने ती घेतली आणि थेट यंत्राकडे न जाता शेडमधल्या लाकडी बाकाकडे वळली.

"तिकडे कुठे?" मुकादम.

"पुसायला."

बाकापाशी ठिणगी खडू घेऊन उभी होती. आत्याने काठी बाकावर आडवी ठेवली, वरची टोपी कडेला टेकवली. ठिणगीने खालच्या टोकाशी रेघ मारली.

"हे काय चाललंय?" मुकादमाच्या कपाळावर आठी उमटली.

"खेळतेय ती. एका वेळी एकच काठी आहे ना बाहेर? नियम पाळलाय तुमचा," आत्या म्हणाली.

तेल बघून झालं, काठी बुलडोझरच्या नळीत गेली. मग लोडरची काठी कागदातून निघाली. आत्याने तीही बाकावर ठेवली, टोपी त्याच कडेला. ठिणगी वाकली.

काठीचं टोक रेघेच्या पुढे गेलं होतं. तिने बोटं ठेवून पाहिलं. दोन बोटं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "लोडर लहान. मग त्याची काठी मोठी कशी?"

आत्याने स्वतःची बोटं ठेवून पाहिलं. तिने बाकाची कड धरली. मग मोठ्याने हाक मारली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा ती हाक ठिणगीतून गेली नाही. "अरे, इकडे ये जरा!"

बाबा आले. मुकादम म्हणाला, "चालकाने काठीला हात लावायचा नाही." पण तोवर बाबांनी ती उचलली होती. त्यांनी टोपीवरच्या कडीवरून अंगठा फिरवला, काळं तेल पुसलं आणि उजेडात धरली. कडीवर पकडीच्या दातांचे चार बारीक खड्डे होते.

"ही माझी," बाबा म्हणाले. "कडी वाकली होती, मी पकडीने सरळ केली. तू पकड दिलीस ताई, आठवतं? चौदा वर्षं रोज सकाळी हे खड्डे अंगठ्याला लागायचे. ही लोडरमध्ये काय करतेय?"

मुलांनो, तुमच्या लक्षात आलं असेल. आखूड काठी खोल पोटात घातली की ती तेलापर्यंत पोचतच नाही. बघणारा म्हणतो, तेल कमी. आणि ओततो. लांब काठी उथळ पोटात घातली की ती खोल बुडते. बघणारा म्हणतो, तेल जास्त. आणि काढतो. बुलडोझर जास्त तेलात डुंबून तापला, लोडर कमी तेलावर सुर्र करून तापला. चोर कुणीच नव्हता. दोन काठ्या तेवढ्या घरं चुकल्या होत्या.

"शक्यच नाही," मुकादम म्हणाला. "अदलाबदल होईलच कशी? खण माझा, कुलूप माझं, किल्ली माझी. दुसऱ्या कुणाचा हात लागतच नाही."

"हो ना," ठिणगी म्हणाली.

लोडरवाला मघापासून दारात उभा होता. तो आधी फिसकन हसला, मग तोंडावर टोपी धरली. मुकादमाचे कान लाल झाले. तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "तापायला लागलं त्याच्या आधीच्या सोमवारी खणात तेल सांडलं होतं. काठ्यांचे कागद बदलले मी." आणि मग, आणखी हळू, "दोन्ही सारख्याच दिसत होत्या."

"मलाही सारख्याच दिसल्या," आत्या म्हणाली. "मी रोज तेलाकडे बघत होते, काठीकडे नाही. जो ओळखणार होता, त्याला हात लावायची बंदी होती."

पण बोलून काटा खाली येत नाही. आत्याने बुलडोझरच्या पोटाखाली परात सरकवली आणि खालचा बोल्ट सैल केला. लांब काठी खुणेवर बरोबर म्हणेपर्यंत तेल काढलं. लोडरमध्ये आखूड काठी म्हणेल तेवढं घातलं. फेस बसू दिला. मग बाबा खुर्चीत चढले. त्यांच्या शेजारच्या अरुंद जागेत ठिणगी.

चढाचा तुकडा सगळ्यात अवघड होता. पातं मातीत शिरलं, इंजिनाने घसा खाकरला, साखळ्या दगडांवर करकरल्या. ठिणगी काट्यावरून नजर काढेना. नऊ वाजले. दहा. अकराला काटा हिरव्या पट्टीच्या वरच्या टोकाला आला आणि बाबांनी श्वास धरला. काटा तिथेच थरथरला. बारा वाजता तो तिथेच होता. एक वाजता तिथेच.

खाली मुकादम दिवसभर उन्हात उभा होता. एकदा त्याच्या हाताला किल्ल्या लागल्या तर त्याने त्या आवाज होऊ नये म्हणून मुठीत धरल्या.

संध्याकाळी तुकडा संपला. बाबांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि आत्यासमोर जाऊन उभे राहिले. "ताई, मी नटांचं बोललो ते..."

"चढावर घाई करतोसच तू," आत्या म्हणाली. "पण कमी करतोस, मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा." आणि तिने हात पुसायची चिंधी त्याच्या अंगावर फेकली.

मुकादम पुढे आला. शनिवारचं तो काही बोलला नाही. "उद्या सात वाजता," एवढंच बाबांना म्हणाला. म्हणजे खुर्ची राहिली. तेलाचा तो हरवलेला डबा मात्र सापडला नव्हता, पुढेही सापडला नाही. तो कुठे गेला हे मलाही माहीत नाही.

आत्याने शेवटचं तेल बघण्यासाठी दोन्ही काठ्या काढून, नळ्यांना बूच मारून बाकावर ठेवल्या होत्या, शेजारी शेजारी, एक लांब, एक आखूड. मुकादमाने सवयीने खिशातून वर्तमानपत्राचे दोन तुकडे काढले आणि हात पुढे केला.

 बाबा जमिनीकडे बघत होते, आत्या काठ्यांकडे. मुकादमाचा हात हवेत होता.

ठिणगीने बाकावरच्या दोन्ही काठ्या उचलल्या. आधी लांब काठीच्या कडीवरचे चार खड्डे अंगठ्याने चाचपले. मग ती मुकादमाच्या हाताखालून गेली, बुलडोझरवर चढली, लाकडी बूच काढून टाकलं आणि ती काठी तिच्या स्वतःच्या नळीत टोपी टेकेपर्यंत दाबून बसवली. खाली उतरली, अंगण ओलांडलं, आणि दुसरी काठी घेऊन लोडरवर चढली.